चार हेलकाव्यांनंतर

अंपारोचा हात गेला, असं ग्वाग्वाच्या बाजारात लोक उघड बोलू लागले तेव्हा तिचा नवरा मिरो जाऊन चार महिने झाले होते. हात गेला म्हणजे काय, तर हात जागच्या जागीच होता. सकाळी दुकानात डुकराचं मांस कापून तोसिनोसाठी साखरेत मुरवत होता, दुपारी कपडे पिळत होता, रविवारी चर्चमध्ये क्रूस काढत होता. फक्त बिल्यारच्या टेबलावर वाकून, काठी नेमावर आणून, आता मारायचं अशी वेळ आली की तो थिजायचा. ती काठीचे चार हेलकावे द्यायची, थांबायची आणि थांबूनच राहायची. मग कंबर धरून उभी व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

बघणाऱ्यांना आधी वाईट वाटलं, मग कंटाळा आला, मग गंमत वाटू लागली. लोकांचं असंच असतं. मिरो सुतारांच्या बेटिस गावातल्या कारखान्यात लाकडाचे संत घासून गुळगुळीत करायचा. पंचवीस वर्षं त्यानं तेच काम केलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मिरोनं जाता जाता शेवटची संतीण घडवली, ती उस्तिंगच्या बिल्यारच्या अड्ड्यावर टेबलाला टेकून उभी आहे. हे अंपारोच्या कानावर गेलं. म्हणणाऱ्याच्या तोंडात शेण घालावं असं तिला वाटलं, पण ती काही बोलली नाही, कारण म्हणणं खरं होतं.

वीस वर्षं पंपांगा प्रांतात बायकांच्या बिल्यारमध्ये तिच्यापुढे कुणी टिकलं नव्हतं. आता प्रांताच्या चार जणींच्या संघात एक जागा उरली होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्या जागेसाठी निवड चाचणी होती आणि अंपारोला सेहेचाळिसावं लागलं होतं. ही जागा गेली की पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. तिला बक्षिसाची हाव नव्हती. पण दुकानात, रस्त्यात, चर्चमध्ये ती आता मिरोची विधवा होती. लोक तिच्याशी हळू आवाजात, मान तिरकी करून बोलायचे. टेबलावरच काय ती अजून अंपारो होती, आणि तेच टेबल तिला ओळख देईना.

उस्तिंग एकाहत्तर वर्षांचा होता. सगळे त्याला तातांग म्हणत, म्हणजे बापच. अंपारो सतरा वर्षांची असताना त्यानं तिच्या हातात काठी दिली होती आणि काठीआधी क्रम दिला होता. बॉल मारणं शेवटचं, त्याच्या आधीचं सगळं दर वेळी सारखं, हाच त्याचा धर्म. बॉलच्या मागे उभं राहायचं, रेघ बघायची. काठीच्या टोकाला खडू लावायचा. उजवा पाय रेघेवर, मग डावा. वाकायचं, डाव्या हाताची कमान टेबलावर. चार हेलकावे. थांबा. नजर पांढऱ्या बॉलवरून समोरच्या बॉलवर. मारा. विचार काय करायचा तो उभ्यानं करायचा. वाकल्यावर विचार नाही आणि वाकल्यावर कान नाहीत. शेजारी घर कोसळलं तरी वाकलेल्या माणसाला ते ऐकू येता कामा नये, असं तो सांगायचा. अंपारोनं हे इतकं अंगात मुरवलं होतं की एकदा खरंच बाहेर दोन जीपगाड्या एकमेकींवर आदळल्या आणि तिनं तीन बॉल घातल्यावर विचारलं, गर्दी कसली?

आता त्यानं तिचा क्रम पहिल्यापासून सोडवायला घेतला, जसं एखादं घड्याळ उघडतात तसं. रोज दुपारी दुकान बंद झालं की ती यायची. एक आठवडा नुसती पावलं. एक आठवडा कमान. खडू कुठल्या हातानं उचलायचा इथपर्यंत भांडणं झाली. सगळं बिनचूक होतं. बिघाड होता तो चौथ्या हेलकाव्यानंतर. तिथं नजर हलवायला एक क्षण पुरतो. अंपारो तिथं गाडीची वाट बघत उभी असल्यासारखी थांबायची.

"कशाची वाट बघतेस?" उस्तिंगनं विचारलं.

"कशाचीच नाही."

"मग मार की."

"मारतेच आहे." आणि ती उभी राहिली.

भिंतीला लागून एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. मिरो कामावरून सुटला की तिथं येऊन बसायचा. अंगावर लाकडाचा भुसा, मांडीवर रुमाल. त्याला स्वतःला खेळता यायचं नाही. धड पंधरा बॉल त्रिकोणात रचताही यायचे नाहीत. तो नुसता बायकोचा खेळ बघायचा. त्या खुर्चीवर अंपारो कुणालाही बसू देत नव्हती, आणि त्याचं तिच्याकडे कारण होतं. मयताच्या जागरणाहून कुणी थेट घरी जात नाही. वाटेत कुठंतरी थांबून अंगावरचा मेलेला झटकून टाकायचा असतो, नाहीतर तो मागोमाग घरात येतो. मिरोचं जागरण पाच दिवस चाललं आणि पाचही दिवस अर्धं गाव घरी जाताना झटकायला म्हणून उस्तिंगच्या अड्ड्यावर थांबलं, दोन डाव खेळलं आणि निर्धास्त घरी गेलं. म्हणजे मिरो कुठं राहिला? इथंच. अंपारोचा हिशेब सरळ होता. घरी तर तो नव्हताच. तिनं उशीखालीसुद्धा बघितलं होतं. उस्तिंगनं त्यावर वाद घातला नाही. फक्त झाडताना तो खुर्ची उचलायचा आणि पुन्हा होती तिथं ठेवायचा.

जानेवारी संपत आला तेव्हा उस्तिंगनं फोन बाहेर काढला. तीन वर्षांपूर्वी जत्रेतल्या स्पर्धेत तिनं सलग नऊ डाव जिंकले होते, ते त्यानं फोनवर चित्रित करून ठेवलं होतं. तो तिचा कोपर बघायला म्हणून ते पुन्हा पुन्हा लावायचा आणि आवाज नेहमी बंद ठेवायचा, कारण गर्दीचा गलका त्याला सहन होत नसे. त्या दुपारी दोघं डोक्याला डोकं लावून बघत होती. कोपर तसाच. पाय तसेच. चौथा हेलकावा, थांबा, आणि पडद्यावरच्या अंपारोनं झक्कपैकी बॉल घातला. उस्तिंगला चष्म्यातून नीट दिसेना. चित्र मोठं करायला म्हणून त्यानं अंगठा दाबला तो भलतीकडेच पडला आणि आवाज सुरू झाला.

पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. थांबा. आणि मग कुठूनतरी मागून एक खोकला. दोन तुटक, एक लांब, आणि शेवट गिळून टाकलेला. त्यावर लगेच बॉलचा ठक्क आवाज.

पुढचा बॉल. चार हेलकावे, खोकला, ठक्क. त्याच्या पुढचा. चार, खोकला, ठक्क.

उस्तिंगला आधी कळलं नाही. त्यानं बाजूला बघितलं तर अंपारोचा उजवा हात, ज्यात काठी नव्हती, खोकल्यासरशी आपोआप पुढे जात होता.

त्यानं फोन बंद केला. ती म्हणाली, लावा. त्यानं लावला. नऊच्या नऊ डाव तिनं उभ्यानं ऐकले.

मग तिला बाकोलोर गावातल्या स्पर्धेची गोष्ट आठवली. विसरली कुठं होती, पण ती गोष्ट इतकी वर्षं तिच्या मनात नवऱ्याच्या वेंधळेपणात जमा होती. भर स्पर्धेत, ती हेलकावे देत असताना मिरोला खोकला आला आणि तिचा बॉल चुकला. ती गर्रकन वळली आणि शंभर माणसांसमोर म्हणाली, "जरा दाबून धरता येत नाही का? की मी हरावं म्हणून खोकतोस?" लोक हसले. मिरोसुद्धा हसला. तो असाच होता. स्वतःवरच्या विनोदाला तो सगळ्यात आधी हसायचा. त्यानंतर तो तिच्या हेलकाव्यांवर कधीच खोकला नाही. तो मोजायचा. चार होईपर्यंत छातीत दाबून धरायचा आणि ती थांबली की त्या एवढ्याशा फटीत उरकून घ्यायचा, म्हणजे ती मारेल तेव्हा शांत असेल. तिचा क्रम त्यानं तिच्याहून नीट पाठ केला होता. आणि तिच्या हातानं हळूहळू तो खोकला आपल्या क्रमात घेतला, सातवी पायरी म्हणून.

बेटिसमध्ये खोकला म्हणजे काही आजार नव्हे. तिथं सगळेच खोकतात. न खोकणारा माणूस कामचुकार, असं तिथल्या बायकाच म्हणतात. भुसा आहे, रात्री गरम पाणी पी, संपलं. मिरोच्या रुमालावर रक्त आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे कमीतकमी दोन वर्षांपासून असणार, तुम्हाला खोकला ऐकू आला नाही का? अंपारोनं तेव्हा खरं तेच सांगितलं होतं. नाही. त्यानंतर तो नऊ आठवडे जगला.

आता तिला कळलं की ती रोज ऐकत होती. एका डावात तीस-तीस वेळा. तिच्या नवऱ्याचं मरण तिच्या पाठीमागे बसून तिला सांगत होतं, आता मार, आणि ती मारत होती. खोकला कानात शिरत होता, हातात पोचत होता, मनाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. वाकल्यावर कान नाहीत.

"तातांग, तुम्ही मला फार चांगलं शिकवलंत," ती म्हणाली. उस्तिंगला ते आयुष्यभर पुरेल इतकं लागलं.

तरी म्हातारा शेवटी बिल्यारचा माणूस. दुसऱ्या दिवशी ती वाकली, चार हेलकावे झाले, आणि तो तिच्या मागे उभा राहून खोकला. मुद्दाम. दोन तुटक, एक लांब. बॉल सुतासारखा सरळ भोकात गेला. पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला. चार महिन्यांत न गेलेले सात बॉल ओळीनं गेले आणि आठव्याला ती टेबलावरच कोसळली. गाल हिरव्या कापडावर टेकवून ती रडली, तोंडातून आवाज न काढता, आणि कापड ओलं होतंय म्हणून उस्तिंगला काही म्हणवेना. बऱ्याच वेळानं ती उठली आणि म्हणाली, पुन्हा माझ्यामागे खोकायचं नाही. त्यानं कान धरले.

मग त्या फटीत काय भरायचं यावर तीन आठवडे गेले. संताचं नाव घेऊन बघितलं, जिभेनं टाळूला टेकून बघितलं, एक ते दोन मोजून बघितलं. शेवटी श्वास जमला. चौथ्या हेलकाव्यानंतर नाकातून सावकाश श्वास सोडायचा आणि तो संपत आला की मारायचं. दहात सात बॉल जाऊ लागले. अंपारोला ते फारसं आवडलं नाही, कारण छातीभर श्वास घेणं आणि तो आरामात सोडणं ही तिला चैन वाटत होती. पण हात सुटला होता. उस्तिंग म्हणाला, चालेल. चाचणीला तेवढं पुरे.

चाचणी नगरपालिकेच्या पत्र्याच्या मांडवात, सकाळच्या मिस्सानंतर झाली. आठ जणी होत्या. अंपारोनं दोघींना हरवलं आणि दुपारी एकच्या सुमाराला शेवटचा सामना उरला, बेटिसच्या जोवेलिनशी. ही एकोणीस वर्षांची पोरगी, हात लोण्यासारखा, चेहऱ्यावर पाणी ओतलं तरी ओला होणार नाही असा कोरा. सात डाव जिंकणारी संघात जाणार होती. सहा-सहा झाले. शेवटच्या डावात टेबलावर आठ आणि नऊ असे दोनच बॉल राहिले, शेवटी नऊ घालेल तिचा डाव, पाळी अंपारोची, प्रत्येक फटक्याला तीस सेकंद. आठ सोपा होता. नऊ तर भोकाच्या तोंडाशी होता. तो उस्तिंगच्या चष्म्यालाही दिसला असता.

ती बॉलच्या मागे उभी राहिली, रेघ बघितली, खडू लावला. उजवा पाय, डावा पाय. वाकली. चार हेलकावे दिले आणि श्वास सोडायला लागली, तेवढ्यात भिंतीकडून खोकला आला.

दोन तुटक, एक लांब, शेवट गिळलेला.

हात निघालाच होता. तिनं तो कसा आवरला ते तिलाच माहीत. ती सरळ उभी राहिली आणि वळून बघितलं. जोवेलिनच्या खुर्चीमागे तिचा बाप बसला होता, पन्नाशीचा, काटकुळा, मनगटापर्यंत लाकडाचा भुसा चिकटलेला, मुठीत रुमाल.

पंचाला वाटलं, बाई तक्रार करतेय. त्यानं बापाला सगळ्यांसमोर झापलं. "अहो रुपेर्तो, खोकायचं असेल तर बाहेर जा. पोरगी जिंकावी म्हणून असले धंदे?" दोघंतिघं हसले. रुपेर्तोही ओशाळून हसला, उठून वाकला, म्हणाला, माफ करा, भुसा आहे, आता नाही येणार. आणि रुमाल तोंडावर दाबून बसला.

 अंपारोनं काठी टेबलावर ठेवली. सेकंद पळत होते. मागे उस्तिंगनं तिला नावानं हाक मारली, ती तिनं ऐकली आणि तरी ती भिंतीपाशी गेली.

"दाबू नका," ती रुपेर्तोला म्हणाली. "खोका. मोठ्यानं खोका."

तो गोंधळला. ती जोवेलिनकडे वळली. "तुझा बाप असाच खोकतो?"

"कोण, तातांग?" पोरीला प्रश्नच कळला नाही, तरी आत्सी, म्हणजे ताई, म्हणायला ती विसरली नाही. "तो नेहमीच खोकतो, आत्सी. मला ऐकूसुद्धा येत नाही."

"मला माहीत आहे," अंपारो म्हणाली. "मलाही येत नव्हता."

घंटी वाजली. वेळ संपली होती; नियमाप्रमाणे पांढरा बॉल जोवेलिनच्या हातात गेला, हवा तिथं ठेवून मारायला. अंपारो आपल्या खुर्चीत जाऊन बसली. उस्तिंगनं कपाळाला हात लावला. एवढी वर्षं, एवढी मेहनत, आणि बाईनं तोंडातला घास उचलून दुसरीच्या पानात टाकला होता. 

जोवेलिननं पांढरा बॉल ठेवला आणि आठ सहज घातला. तो इतका सोपा होता की तिनं हेलकावेही दिले नाहीत. मग नऊसाठी ती नीट उभी राहिली. रेघ, खडू, पाय. वाकली. हेलकावे देऊन थांबली.

मांडवात शांतता होती. रुपेर्तोनं रुमाल दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट धरला होता. पंचानं झापलं होतं, पोरीचा शेवटचा बॉल होता. आता जीव गेला तरी तो खोकणार नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, खांदे आतल्या आत उसळत होते.

जोवेलिनची काठी पुढे गेली नाही. ती उभी राहिली, कपाळाला आठी घातली, पुन्हा वाकली. पुन्हा हेलकावे, पुन्हा थांबली, पुन्हा काहीच नाही. अंपारोनं मान खाली घातली. तिला ते बघवत नव्हतं.

घंटी पुन्हा वाजली. आता टेबल अंपारोचं होतं. पांढरा बॉल तिचा, नऊ भोकाच्या तोंडाशी, संघातली जागा एका हलक्या धक्क्यावर. पंचानं तिला ये म्हणून हात केला. दुसऱ्यांदा केला. ती उठली नाही, कारण जोवेलिन काठी हातात तशीच धरून बापासमोर जाऊन उभी होती, आणि तो काय सांगतो ते अंपारोला ऐकायचं होतं.

"तातांग," पोरगी विचारत होती, "तुम्हाला हा खोकला कधीपासून आहे?"

पाच-सहा शब्दांचा प्रश्न. मिरोला तो तिनं एकदाही विचारला नव्हता.